ज्याचे दप्तर त्याचा इतिहास

परवा एका शिकलेल्या गृहस्थांनी आमच्या शाळेच्या कपाटाकडे पाहून आम्हांस असा सल्ला दिला की, मास्तर, ही जुनी रजिस्टरे आणि हजेरीपट एकदा रद्दीवाल्याच्या तागडीत घाला, म्हणजे कपाट मोकळे होईल. आम्ही म्हणालो, यात गावच्या चार पिढ्यांची नावे आहेत. त्यावर गृहस्थ हसून म्हणाले, ‘शेतकऱ्या-सुतारांच्या पोरांच्या हजेरीला इतिहास म्हणतात होय? इतिहास राजेरजवाड्यांचा असतो, आणि तो लिहून झालेला आहे.’

हे बोल आमच्या मनास लागले. त्या गृहस्थांस उत्तर देण्यासाठी आज आम्ही वाचकांस इंग्लंडातील एका खेड्यात नेणार आहोत. आपल्या गावचे उदाहरण दिले, तर मास्तर आपल्याच गावचे गोडवे गातात असे म्हणण्यास ते मोकळे. विलायतेचे नाव काढले की मात्र हीच मंडळी कान टवकारतात. तेव्हा विलायतेचेच उदाहरण घेतो. आम्ही ख्रिस्ती नव्हे आणि कोणत्या पंथाची जाहिरात करावयास बसलेलो नाही. गरिबांच्या वहीचे मोल काय, एवढाच आमचा मुद्दा आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे लहान खेडे आहे. तेथे १८१८ साली मेथडिस्ट पंथाच्या गरीब लोकांनी एक चॅपेल बांधले. चॅपेल म्हणजे साधे प्रार्थनाघर. त्यास शिखर नाही, कळस नाही. भिंती गवत कालवलेल्या मातीच्या, विटांच्या, हाताशी मिळेल त्या दगडाच्या. आपल्याकडे चावडी असते तशी ती एक लहानशी इमारत. गावात राजमान्य पंथाचे दगडी चर्च होतेच. मग या मोलकऱ्यांनी पोटास चिमटा घेऊन दुसरे घर कशास बांधले?

याचे कारण समजण्यास तेव्हाचा कायदा पाहिला पाहिजे. इंग्लंडात चर्च ऑफ इंग्लंड नावाचा राजाचा पंथ आहे. गावोगाव त्याचा पाद्री असे आणि गावचे दप्तर त्याच्या हाती असे. १७५३ च्या कायद्याने असे ठरले की, क्वेकर व यहुदी हे दोन समाज सोडून बाकी कोणाचेही लग्न त्या चर्चात, त्या पाद्र्याच्या हातून लागले तरच ते खरे. मेथडिस्ट असो की आणखी कोणी, नवरानवरीने त्याच्याच दारी जावयाचे आणि त्याचीच दक्षिणा द्यावयाची. ही सक्ती १८३७ साली सुटली. चर्चाच्या डागडुजीचा कर सर्वांच्या बोडक्यावर होता. तो सक्तीने घेणे १८६८ साली बंद झाले. गावच्या दफनभूमीत आपल्या रीतीने प्रेत पुरण्याची मोकळीक तर १८८० साली मिळाली. जन्मताना पाद्री, लग्नात पाद्री, मेल्यावर पाद्री! जो माणूस त्याच्या वहीत नाही तो कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ जन्मलाच नाही. वाचकहो, हा मासला आमच्या लोकांस नवा वाटावयाचा नाही.

या लोकांनी काय केले? रडत बसले नाहीत. त्यांनी आपली वही घातली.

मेथडिस्ट पंथ जॉन वेस्ली या पाद्र्याने चालविला. त्याने उघड्या माळावर कोळशाच्या खाणीतील मजुरांपुढे उपदेश केला. १७३९ साली ब्रिस्टल शहरी या पंथाचे पहिले घर उभे राहिले आणि त्याचे कर्ज डोक्यावर बसले. १७४२ साली ते फेडण्याचा विचार निघाला, तेव्हा एका जुन्या दर्यावर्दी कप्तानाने तोड काढली. दर माणशी आठवड्यास एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचा गट करावा, आणि गटातील एकाने ती घरोघर जाऊन जमा करावी. कोणी म्हणाले, गरिबांस पेनीही झेपत नाही. कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब असे अकरा माझ्याकडे द्या. त्यांच्याने झाले तर उत्तम, न झाले तर त्यांची मी भरीन.

या गटांस ‘क्लास’ हे नाव पडले. क्लासच्या पुढाऱ्याजवळ वही असे. तीत सभासदांची नावे, हजेरी आणि पेनीची जमा. तिमाहीस प्रत्येकास छापील तिकीट मिळे. ‘आठवड्यास पेनी, तिमाहीस शिलिंग’ हा दंडकच होऊन बसला. आसपासच्या चॅपेलांचा मिळून एक ‘सर्किट’ होई, आणि कोणत्या रविवारी कोणत्या चॅपेलात कोणी उपदेश करावा याचा तक्ता तयार होई. त्यास ‘प्लॅन’ म्हणत. त्या तक्त्यात शेतमजूर, चांभार, विणकर यांची नावे उपदेशक म्हणून लागत. गावच्या वतनदाराच्या दप्तरी जो माणूस ‘अमक्याचा गडी’ एवढाच होता, तो या तक्त्यात आपल्या नावानिशी उभा राहिला. हिशेब ठेवणे, सभा चालविणे, कारभारी निवडणे, चौघांत उभे राहून बोलणे, हे सारे शिक्षण त्यास या मातीच्या भिंतींआड मिळाले.

राजाच्या पाद्र्याची वही नको म्हणून यांनी जन्माचीही नोंद आपली आपण सुरू केली. ज्या १८१८ साली टॉलपडलचे चॅपेल उभे राहिले, त्याच साली या पंथाने लंडनमध्ये आपली जन्मनोंदणीची कचेरी काढली. पुढील वीस वर्षांत तीत १०,००० वर जन्म नोंदले गेले. सरकारने १ जुलै १८३७ पासून सर्वांसाठी जन्ममृत्यूची नोंद सुरू केली, तेव्हा अशा निरनिराळ्या पंथांच्या वह्या मागवून घेतल्या आणि १८४० च्या कायद्याने त्या कोर्टात पुरावा म्हणून मानल्या. म्हणजे काय झाले? ज्या वहीस काल कोणी विचारीत नव्हते, ती आज न्यायाधीशाने डोळ्यांस लावली. त्या वह्या आज लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. आमच्या गृहस्थांच्या सल्ल्याने त्या लोकांनी वह्या तागडीत घातल्या असत्या तर कोर्टाने काय रद्दीवाल्याची साक्ष काढली असती?

आता त्या चॅपेलातील माणसांची गोष्ट ऐका. जॉर्ज लव्हलेस हा टॉलपडलचा नांगऱ्या आणि मेथडिस्ट उपदेशक. स्वतःच्या कष्टाने वाचावयास शिकलेला. त्या गावी शेतमजुराची मजुरी आठवड्यास नऊ शिलिंग होती, शेजारच्या भागात दहा. मजुरांनी दहा मागितले. मालकांनी कबूल केले म्हणतात, आणि त्या बोलीस गावचा पाद्री साक्षी होता. पुढे मजुरी नवाची आठ झाली, आठाची सात झाली, आणि सहावर आणणार अशी बातमी आली. मजूर पाद्र्याकडे गेले, तर पाद्रीबुवांनी कानांवर हात ठेवले. असे काही ठरलेच नव्हते म्हणाले! पाहा, येथे बोली तोंडी होती. कागद असता तर पाद्रीबुवांची जीभ अशी फिरली असती काय?

१८३३ साली लव्हलेसने मजुरांची सोसायटी काढली. प्रवेश फी एक शिलिंग, आणि पुढे आठवड्यास एक पेनी! वाचकहो, ही पेनी कोठून आली हे सांगावयास पाहिजे काय? चॅपेलाच्या वहीतलीच रीत मजुरांच्या वहीत आली. सोसायटीच्या लिहिलेल्या नियमांत मारामारी आणि दंगा यांस स्पष्ट मनाई होती.

जेम्स फ्रॅम्प्टन नावाचा जमीनदार तेथे मॅजिस्ट्रेट होता. त्याने गृहमंत्री मेल्बर्न यास पत्रे लिहिली. मजुरांनी संघ करणे १८२४ सालापासून गुन्हा नव्हता, म्हणून सरकारी डोक्याने वेगळी युक्ती काढली. आरमारातील खलाशांच्या बंडानंतर १७९७ साली गुप्त शपथांविरुद्ध कायदा झाला होता. सोसायटीत येताना मजुरांनी शपथ घेतली, तेवढा धागा धरून तो खलाशांचा कायदा नांगऱ्यांवर लावला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तसे झाले. त्यांच्यातलेच दोघे साक्षीस उभे राहिले. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहाजण पकडले गेले: जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा थॉमस स्टँडफील्ड, भाचा जॉन स्टँडफील्ड, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. हॅमेट सोडून बाकीचे पाचही चॅपेलाचे. लव्हलेसच्या झडतीत पेटीची किल्ली सापडली. ती पेटी उघडून सोसायटीचे नियम काढले आणि ते कोर्टापुढे मांडले. मार्च महिन्यात डॉर्चेस्टर येथे खटला झाला. ज्या ग्रँड जुरीने खटला उभा केला तिच्यात फ्रॅम्प्टन स्वतः बसला होता आणि तिचा प्रमुख मेल्बर्नचा मेहुणा होता. कुंपणानेच शेत खावयाचे ठरविल्यावर राखण कोणी करावी! सहाजणांस सात वर्षे ऑस्ट्रेलियाकडील काळे पाणी झाले. मागे बायकापोरे उपाशी पडली तेव्हा गावचा गरिबांसाठीचा फंडही फ्रॅम्प्टनने त्यांस मिळू दिला नाही.

पण २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये कामकऱ्यांची प्रचंड मिरवणूक निघाली, देशभर अर्जांवर सह्या झाल्या, आणि मार्च १८३६ मध्ये सरकारास संपूर्ण माफी द्यावी लागली. लव्हलेस १८३७ साली परत आला आणि त्याच साली त्याने आपली हकीकत स्वतः लिहून छापली. आम्हांस या गोष्टीचे मोल फार वाटते. कारण त्याच्याविषयी लिहिणारे पुष्कळ होते. फ्रॅम्प्टनने लिहिले, मेल्बर्नने लिहिले, कोर्टाच्या कारकुनाने लिहिले, कैद्यांच्या जहाजावर लिहिले गेले. हे सारे कागद सरकारी दप्तरखान्यांत व्यवस्थित राहिले आहेत. कैद्याची उंची किती, केस कसे, अंगावर व्रण कोठे, हे सरकारच्या वहीत मिळते. पण मजुरी सहा शिलिंगांवर आली म्हणजे चुलीपुढे बसलेल्या बापाच्या मनात काय येते, हे सरकारच्या वहीत मिळत नाही. ते नांगऱ्याने आपल्या हाताने लिहिले म्हणून मिळते. नुसते फ्रॅम्प्टनचे दप्तर राहिले असते तर आज हे सहाजण इतिहासात बंडखोर म्हणून नोंदले गेले असते. लव्हलेसची लेखणी राहिली म्हणून ते हुतात्मे म्हणून ओळखले जातात.

येथे आमचे काही वाचक म्हणतील की, मास्तर चॅपेलाची एकच बाजू सांगतात. तर दुसरी बाजूही ऐका. आम्ही ती झाकणार नाही. वेस्लीच्या मागे या पंथाचा कारभार परिषदेच्या हाती आला, आणि तिच्या गादीवर बसलेले पुढारी सरकारास भिऊन वागू लागले. जाबेझ बंटिंग हा त्यांतला मुख्य. पंथाच्या रविवारच्या शाळांत गरिबांच्या मुलांस वाचावयास शिकवावे, पण लिहावयास शिकवू नये, त्याने पवित्र वार भ्रष्ट होतो, असा त्याचा आग्रह होता. सहा दिवस शेतात आणि गिरणीत राबणाऱ्या पोरास रविवार सोडून दुसरा वार होता कोठे? म्हणजे वरच्याने लिहिलेले तू वाच, पण तुझे तू लिहू नकोस! टॉलपडलची माणसे काळ्या पाण्यावर गेली तेव्हाही या वरच्या मंडळींनी त्यांची बाजू उचलून धरली नाही.

एली हालेव्ही नावाच्या फ्रेंच पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले की, मेथडिस्ट पंथामुळे इंग्लंडातील कामकरी शांत राहिले आणि राज्यक्रांती टळली. पंडितांचे म्हणणे आम्ही खेड्यातील मास्तर सहजासहजी खोडू म्हणत नाही. परंतु आम्हांस एक विचारावयाचे आहे. पंथाने गरिबांस काय शिकविले, हे गादीवरच्या परिषदेच्या ठरावांवरून ठरवावयाचे की खेड्यातील क्लासच्या वहीवरून? ठरावात आज्ञापालन आहे. वहीत पेनी आहे, हजेरी आहे, आणि कोणाच्या अध्यक्षतेखाली सभा झाली ते आहे. १८७२ साली इंग्लंडातील शेतमजुरांचा देशव्यापी संघ जोसेफ आर्च याने उभारला आणि १८८५ साली तो पार्लमेंटात जाऊन बसला. हा आर्चसुद्धा मेथडिस्टांच्याच एका शाखेचा खेडवळ उपदेशक! शांत राहावयास शिकविणाऱ्या शाळेतून असे विद्यार्थी कसे निघाले, याचा उलगडा वरच्या कागदांत नाही, खालच्या वह्यांत आहे. म्हणूनच त्या राहिल्या पाहिजेत.

आता त्या मातीच्या चॅपेलाचे काय झाले ते पाहा. ते प्रार्थनेच्या कामातून गेले आणि शेतकामाची वखार झाले. पंथाने १८६० नंतर गावात दुसरे चॅपेल बांधले. सहांपैकी पाचजण कुटुंबे घेऊन कॅनडात गेले, आणि तेथे आपल्या शिक्षेची वाच्यता त्यांनी सहसा केली नाही. हॅमेट एकटा गावी राहिला आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या गरीबखान्यात मेला. पाहा कसा योग आहे! ज्यांनी हे केले ते बोलेनात, ज्या घरात केले तेथे शेतीचा माल पडला. आणखी दोन पिढ्या अशा गेल्या असत्या तर सारे पुसले जाते. परंतु छापलेली हकीकत होती. मजूर संघांनी ती धरून ठेविली. १९१२ साली नव्या चॅपेलापुढे या सहांच्या नावाची कमान उभी राहिली आणि तिचे उद्घाटन आर्थर हेंडरसन या मजूर पक्षाच्या मेथडिस्ट पुढाऱ्याने केले. काळे पाणी झाले तेव्हा गप्प बसलेला पंथ ७८ वर्षांनी कमान बांधावयास सरसावला! उशिरा का होईना, बरे झाले. १९३४ साली शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा मजूर संघांनी गावी वृद्ध शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली. हल्ली दर जुलैत तेथे जत्रा भरते. ती जुनी १८१८ ची मातीची इमारतही आताच्या पिढीतील लोकांनी न्यास काढून वखारीतून सोडविली आहे.

‘इमारत वाचली ना, मग झाले,’ असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, अर्धेच झाले. भिंत बोलत नाही. कारभाऱ्यांच्या सभांचे वृत्तांत, बाकांच्या भाड्याचा हिशेब, क्लासच्या वह्या, उपदेशकांचे तक्ते, रविवारच्या शाळेचे हजेरीपट, जागेची खते, हे असतील तर भिंतीस जीभ फुटते. इंग्लंडात १९३२ साली मेथडिस्टांच्या फुटलेल्या शाखा एक झाल्या. एकाच गावात दोन-तीन चॅपेले असत, त्यांतली पुष्कळ बंद पडली. आजही पडत आहेत. कोठे राहते घर होते, कोठे दुकान. चॅपेल विकताना छपराचे कौल मोजले जाते, आणि कपाटातील वहीस कोणी विचारीत नाही, असे होण्याचा धोका असतो. म्हणून त्या पंथाने अशी रीत घालून दिली आहे की, बंद झालेल्या चॅपेलाचे कागद परगण्याच्या दप्तरखान्यात द्यावे. डॉर्सेटचे असे कागद डॉर्चेस्टर येथे राहतात, आणि साऱ्या पंथाचा मोठा संग्रह मँचेस्टर शहरी एका प्रसिद्ध ग्रंथालयात आहे. ही रीत चांगली, परंतु रीत कागद उचलून नेत नाही. गावातील कोणा म्हाताऱ्या खजिनदाराने आपल्या माळ्यावरची पेटी उतरवून दिली तरच दप्तरखान्यात काही पोहोचते.

‘सरकार सर्व नोंदी ठेवतेच, मग आपण वेगळ्या कशास ठेवाव्या?’ असेही विचारणारे भेटतात. याचे उत्तर फ्रॅम्प्टनने देऊन ठेवले आहे. सरकार आपल्या कामापुरती नोंद ठेवते. सारा किती, गुन्हा कोणता, शिक्षा काय. कप्तानाने अकरा गरिबांची पेनी आपल्या पदरची भरीन म्हटले, ही नोंद कोणत्या सरकारने कधी ठेवली आहे? ती ज्याची त्यानेच ठेवावी लागते.

आणि आता आमच्या त्या गृहस्थांकडे वळतो. गृहस्थ, आमच्या कपाटातल्या एका ओळीसाठी आज माणसे कामधंदा सोडून हेलपाटे घालतात. आजोबाची जन्मतारीख काय, पणजोबा कोणत्या नावाने शाळेत गेला, हे पाहावयास पोरे मुंबई-पुण्याहून येतात. नोंद सापडली की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आणि सापडली नाही की ती आमच्यापुढे हात जोडतात, जणू काही आम्हीच ती लपविली आहे. आमच्यापूर्वीच्या एखाद्या मास्तराने तुमचा सल्ला ऐकला असता तर या पोरांस आम्ही काय तोंड दाखविले असते?

शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो, दोष एकट्या त्या गृहस्थांचा नाही. आपल्या घरी काय चालले आहे? दुधाच्या सोसायटीची जुनी वही चुलीत जाते. भजनी मंडळाच्या वर्गणीचा हिशेब उंदीर खातात. बचत गटाच्या बायकांनी पै-पैची नोंद केलेली वही नवी आली की जुनी फेकतात. आजोबाच्या पेटीतील मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून पोळ्यास पेटी रिकामी करतात. मग उद्या कोणी म्हणाले की, तुमच्या गावात काही घडलेच नाही, तर त्याचे तोंड कोणत्या कागदाने बंद करणार?

आमचे सांगणे थोडके आहे. या आठवड्यात घरातील, मंडळातील, सोसायटीतील एक जुनी वही शोधा. तिच्या पहिल्या पानावर ती कोणाची, कोणत्या सालापासूनची, हे लिहा. ओलीपासून उंच ठेवा, कडुनिंबाचा पाला घाला, मोबाईलवर पानांची छायाचित्रे काढून दोन घरी ठेवा. जी माहीतगार म्हातारी माणसे अजून हयात आहेत त्यांच्याकडून वहीतल्या नावांची ओळख पटवून घ्या. मोडी असेल तर फाडू नका, वाचणारा मिळतो. आणि आजच्या सभेचा वृत्तांत आजच लिहा, उद्यावर टाकू नका. टॉलपडलच्या नांगऱ्यांस लिहावयास शिकविणारा कोणी नव्हता, तरी त्यांनी लिहिले. आपल्या तर घरोघर लिहिणारी पोरे आहेत.

आमच्या कपाटास आम्ही नवे कुलूप लावले आहे. गृहस्थांस कपाट मोकळे पाहावयाचे असेल तर त्यांनी दुसरे आणून द्यावे. या कपाटात आता जागा नाही.